हवालदार, बाई आणि गावाकडचा माणूस

मराठवाड्यात लोहा, कंधार, मुखेड या भागातल्या रस्त्यांवर पहाटे पाचच्या सुमारास पोरं-पोरी पळताना दिसतात. कुणाच्या पायात भावाचे बूट, कुणाच्या अंगात धुऊन विटलेला टी-शर्ट, आणि कडेला मोबाईलवर वेळ लावून उभा असलेला मित्र. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, मग शंभर मीटर आणि गोळाफेक. पोलीस भरतीचं हे गणित इथल्या घराघरांत पाठ आहे. दोन-तीन एकर कोरडवाहूत भागत नाही, आईबापासारखं ऊसतोडीला जायचं नाही, आणि दुसऱ्या नोकरीची वाट बघत बसण्याइतकी ऐपत नाही, अशा घरांतून राज्याच्या पोलीस दलाला शिपाई मिळत आले आहेत. त्यांतले कितीतरी मुंबईला जातात.

हिंदी पडद्यावर हाच शिपाई दिसतो तेव्हा त्याचं पोट सुटलेलं असतं. हातात काठी, तोंडात तंबाखू, मराठी हेल काढत ‘साब, साब’ करत तो इन्स्पेक्टरच्या मागे चालतो आणि गुन्हा घडून गेल्यावर पोचतो. त्याला आडनाव असतं, घर नसतं. त्याच्याच गावची बाई पडद्यावर आली, तर ती दुसऱ्याच्या घरात भांडी घासते, खोचलेल्या लुगड्याला हात पुसत दोन वाक्यं बोलते आणि निघून जाते. ती कुठून आली, तिची मुलं कुठे शिकतात, ती रात्री कुठे झोपते, हे प्रेक्षकाला कळत नाही, कारण लिहिणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं. हवालदार आणि बाई, या दोन साच्यांत मराठी माणूस हिंदी सिनेमानं वर्षानुवर्षं बसवला. जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमकी हीच जोडी दुसऱ्या एका समाजाच्या वाट्याला आली होती, आणि त्या समाजाची हकीकत आपल्याला खूप काही सांगून जाते.

तो समाज आयरिश लोकांचा. १८४५ साली आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि पुढची सात वर्षं दुष्काळ हटला नाही. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. बोटी भरभरून लोक न्यूयॉर्क आणि बोस्टनला उतरले. अंगमेहनतीशिवाय त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं. पुरुष गोदीत, रेल्वेच्या कामावर आणि पुढे पोलिसात शिरले. मुली घरकामाला लागल्या. ‘ब्रिजेट’ हे आयरिश मुलीचं साधं नाव अमेरिकेत मोलकरणीचं नाव होऊन बसलं. थॉमस नास्टसारखा नावाजलेला व्यंगचित्रकार ‘हार्पर्स वीकली’त आयरिश माणूस माकडाच्या जबड्याचा काढायचा, हातात दारूची बाटली देऊन. पुढे सिनेमा आला तेव्हा ही चित्रं तयारच होती. दारुडा, भांडखोर, मायाळू पण अडाणी, एक तर पोलीस नाही तर गुंड.

१९२७ साली एमजीएम कंपनीचा ‘द कॅलहन्स अँड द मर्फीज’ हा मूकपट आला. दोन आयरिश कुटुंबं, दारू आणि मारामाऱ्या. आयरिश-अमेरिकन लोकांनी थिएटरांत इतका गोंधळ घातला की कंपनीला चित्रपट मागे घ्यावा लागला. पण पुढचा बदल अशा गोंधळानं झाला नाही. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता राबवणाऱ्या कचेरीचा प्रमुख जोसेफ ब्रीन हा आयरिश वंशाचा कॅथलिक होता. जॉन फोर्डसारखा दिग्दर्शक आयरिश आईबापांचा मुलगा होता. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’मध्ये आयरिश पाद्री हा साऱ्या अमेरिकेचा लाडका झाला आणि त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. फोर्डनं १९५२ साली ‘द क्वाएट मॅन’ थेट आयर्लंडच्या कॉंग गावात जाऊन काढला. त्यातही मारामारी आहे, दारू आहे, लालभडक केसांची तापट नायिका आहे, तरी गाव आहे, जमीन आहे, नाती आहेत. साचा मोडला असं म्हणता येणार नाही. २००६ च्या ‘द डिपार्टेड’मध्येही बोस्टनचे आयरिश लोक पोलीस नाही तर गुंडच आहेत. पण दरम्यान आयरिश माणूस कॅमेऱ्यामागे आणि लिहिण्याच्या टेबलावर पोचला होता, आणि त्यानं मोठा फरक पडला.

मराठी माणसाची गोष्ट इथेच वेगळी होते. तो पहिल्यापासून कॅमेऱ्यामागे होता. भारतीय सिनेमा फाळक्यांनी नाशिककरांच्या आणि मुंबईकरांच्या मदतीनं उभा केला, आणि कोल्हापूर-पुण्याच्या प्रभातनं तो घडवला. हवालदाराच्या बाबतीत तर या इतिहासाची सुरुवात अभिमान वाटावा अशी आहे. मुंबईच्या पोलीस दलात इंग्रजांच्या काळापासून रत्नागिरीकडच्या मराठी शिपायांचा मोठा भरणा होता. अशाच एका साध्या पोलिसाला व्ही. शांतारामांनी १९३९ साली ‘माणूस’चा नायक केलं. शाहू मोडकांचा गणपत वेश्यावस्तीवरच्या धाडीत मैनाला वाचवतो, तिला जीव लावतो, तिला आपल्या आईकडे घेऊन जातो. शांता हुबळीकरांची मैना अजून लोकांच्या आठवणीत आहे, पण गणपतही तितकाच मोलाचा आहे. या पोलिसाला आई आहे, देव्हारा आहे, लाज आहे, मोडून पडणं आहे. हिंदी आवृत्ती ‘आदमी’ देशभर गेली. हवालदाराला माणूस म्हणून बघायला हिंदी सिनेमाला कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणायची सोय त्यामुळे उरत नाही.

मग तो विनोदी कधी झाला? त्यात आपलाही हात आहे. १९७५ साली दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ आला. गिरणगावच्या प्रेक्षकानं तो डोक्यावर घेतला, अशोक सराफांना त्यातूनच मोठी ओळख मिळाली. दादांची थट्टा आतली होती. नायगावच्या चाळीत वाढलेला माणूस आपल्याच शेजाऱ्याची नक्कल करत होता आणि तो शेजारी पहिल्या रांगेत बसून हसत होता. पण नाव चित्रपटातून बाहेर पडलं आणि मुंबईच्या रस्त्यावर प्रत्येक शिपायाला चिकटलं. ज्यांना दादांचा चित्रपट माहीत नाही, मराठी कळत नाही, तेही वाहतूक पोलिसाला ‘पांडू’ म्हणू लागले. आपल्या माणसानं केलेली थट्टा परक्याच्या तोंडी गेली की तिच्यातली माया गळून जाते. शिल्लक राहतो तो अपमान.

बाईची गोष्ट जास्त जुनी आहे. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) ललिता पवारांची केळी विकणारी गंगामाई आहे. मुंबईत नव्यानं आलेल्या राजला ती लेकरासारखं जवळ करते. ती गरीब आहे, फटकळ आहे, पण ती कुणाची नोकर नाही. फुटपाथवरचा तिचा धंदा तिचा आहे. येवल्याच्या या थोर अभिनेत्रीनं त्या छोट्या भूमिकेत एका अख्ख्या वर्गाला चेहरा दिला. नंतरच्या हिंदी चित्रपटांत मात्र गंगामाईची टोपली गेली आणि तिच्या हाती केरसुणी आली. नटांच्या निवडीतही हे दिसतं. ‘धूमधडाका’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’चा हुकमी नायक लक्ष्मीकांत बेर्डे ‘हम आपके हैं कौन’मध्ये (१९९४) घरातला नोकर लल्लू होता. त्यानं ते काम जीव ओतून केलं, हिंदी प्रेक्षकानं प्रेमही दिलं. तरी मराठीत ज्याच्या नावावर थिएटर भरायचं, त्याला हिंदीच्या त्या भल्यामोठ्या हवेलीत नोकराचीच खोली मिळाली, हे मराठी प्रेक्षकाला सलत राहिलं आणि ते सलणं रास्त होतं.

तिसरा साचा गुंडाचा. त्याची मुळं मुंबईच्या मातीत आहेत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत कधी आत गेले नाहीत. त्यांच्या मुलांपैकी काहींच्या हाती पिस्तुलं आली. ‘सत्या’चा भिकू म्हात्रे (१९९८) आणि ‘वास्तव’चा रघू (१९९९) ही दोन्ही पात्रं जबरदस्त आहेत. रघूला घर आहे, रीमा लागूंसारखी आई आहे, पावभाजीची गाडी आहे. पण त्यांच्या मागून आलेल्या कित्येक चित्रपटांनी फक्त आडनाव आणि शिवी उचलली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकानं आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली केलेल्या ‘सिटी ऑफ गोल्ड’नं गिरणीचं बंद फाटक मध्यभागी ठेवलं, तेव्हा कुठे कारण आणि परिणाम एका पडद्यावर आले. जेम्स कॅग्नीनं १९३१ च्या ‘द पब्लिक एनिमी’त रंगवलेला आयरिश गुंडही असाच गरिबांच्या वस्तीतून आला होता.

मध्यमवर्गीय मराठी माणसाला हिंदीत बरी वागणूक मिळाली. सई परांजप्यांच्या ‘कथा’तला (१९८३) चाळीतला राजाराम जोशी असो, ‘इंग्लिश विंग्लिश’मधली (२०१२) लाडू करणारी शशी गोडबोले असो. झी टीव्हीच्या ‘पवित्र रिश्ता’नं २००९ पासून पाच वर्षं चाळीतल्या देशमुख-करंजकरांना देशाच्या दिवाणखान्यात बसवलं. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’तले आत्माराम भिडे शिकवण्या घेतात, पै-पै जपतात, शिस्तीच्या नावाखाली सगळ्यांचं डोकं खातात, माधवी लोणची-पापड करते. साचाच आहे, पण प्रेमळ. त्याच मालिकेत मार्च २०२० मध्ये मुंबईची भाषा हिंदी असल्याचं एक वाक्य आलं, मनसेनं आक्षेप घेतला आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. १९२७ च्या त्या मूकपटाची आठवण यावी असा प्रसंग.

इथवर मराठी माणूस तक्रारदार होता. पण लोहा, नांदेड, लातूरकडून बघितलं तर या जिन्याला आणखी एक पायरी खाली आहे, आणि त्या पायरीवर मराठी सिनेमानं मराठवाड्याला उभं केलं. मराठी चित्रपटाचं गाव म्हणजे बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडचं. उसाचं, पाटलाच्या वाड्याचं, नदीच्या घाटाचं. त्याला इतिहासाचं कारण आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. तोवर इथल्या शिकणाऱ्या पोराची वाट हैदराबादकडे जायची, आणि निजामाच्या काळात सरकारी भाषा उर्दू होती. नांदेडहून मुंबईला निघालेल्या माणसाला नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजनं मनमाड गाठून तिथे गाडी बदलावी लागे. लातूरला तर बार्शी लाईटची नॅरोगेज होती. प्रभातचा काळ गेला, तमाशापटांचा काळ आला, तरी पुण्या-मुंबईच्या लेखकाच्या ओळखीत नांदेडचा माणूस नव्हता. तो मोठ्या संख्येनं पोचला १९७२ च्या दुष्काळानंतर, तोही बांधकामावर आणि फुटपाथवर. आयरिश माणसासारखा, पीक गेल्यावर.

तमाशापटाचंच बघा. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला आणि त्यानंतर पाटील, पाटलाचा माजलेला मुलगा, फडातली बाई आणि भोळा शेतकरी ही चौकट पक्की झाली. निळू फुल्यांनी त्या चौकटीतला पाटील इतका ताकदीनं उभा केला की सेवादलातून आलेल्या या सरळ माणसाला खेड्यांतल्या बायका खरोखर घाबरत. ‘सामना’सारखा चित्रपट, जो १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला, त्यातला हिंदुराव हा पूर्ण माणूस आहे. बाकीचे पाटील नुसत्या मिशा आहेत. आणि फडातली बाई? लोहा तालुक्यातच माळेगावला दर मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो, देवस्वारी निघते आणि राज्यभरातले तमाशाचे फड तंबू ठोकतात. तिथे तंबूमागे चूल पेटवणारी, लेकराला दूध पाजून बोर्डावर उभी राहणारी, पावसाळ्यात हातउसने पैसे घेऊन पुढच्या हंगामाला फेडणारी कलावंतीण ज्यानं पाहिली, त्याला चित्रपटातली नऊवारीतली मोहिनी खोटी वाटते. चित्रपटांनी तिची अदा घेतली, तिचा हिशेब घेतला नाही.

मराठवाड्याच्या बोलीला पहिला सन्मान रंगभूमीनं मिळवून दिला. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्यानं सादर करायला सुरुवात केली. बावन्न पात्रं, एक नट, आणि मराठवाड्यातल्या खेड्यातून लग्नासाठी विमानात बसलेली मंडळी. हसू खूप होतं, पण ते हसू त्या मंडळींच्या बाजूनं होतं. प्रेक्षक विमानात त्यांच्याबरोबर बसायचा. पुढच्याच वर्षी कोकणातून गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी घराघरांत नेली. दोन्ही नाटकांनी एक गोष्ट सिद्ध केली: बोलीवर हसणं आणि बोलीत हसणं यांत फार अंतर आहे.

चित्रपटात हे अंतर मकरंद अनासपुरे यांच्या वाट्याला आलं. मराठवाड्याचा हा नट आपला हेल घेऊनच मुंबईत गेला आणि सुरुवातीची कामं त्याला गावंढळ, विनोदी माणसाचीच मिळाली. चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘कायद्याचं बोला’मध्ये (२००५) तो वकील आहे. मूळ चित्रपट अमेरिकी, ‘माय कझिन व्हिनी’. त्यात ब्रुकलिनच्या इटालियन वकिलाच्या बोलण्याला कोर्ट हसतं आणि शेवटी तोच खटला जिंकतो. मराठीत ती जागा ग्रामीण बोलीनं घेतली. ज्या उच्चारावर लोक हसत होते त्याच उच्चारात न्याय मिळाला, म्हणून तो चित्रपट इकडच्या थिएटरांत वेगळ्याच आनंदानं पाहिला गेला. अनासपुरे आणि नाना पाटेकर यांनी २०१५ साली दुष्काळी शेतकऱ्यांसाठी ‘नाम’ फाउंडेशन काढलं, तेव्हा लोकांना त्या विनोदी चेहऱ्यामागचा प्रदेश दिसला. पण छोट्या पडद्यावर पुढच्या वर्षांत कोल्हापूरला ‘तुझ्यात जीव रंगला’, साताऱ्याला ‘लागिरं झालं जी’, कोकणाला ‘रात्रीस खेळ चाले’ मिळाली, एका मालिकेत नागपूरच्या राधिकेलाही नायिकेचा मान मिळाला. मराठवाड्याच्या माणसाची ‘कामून’ आणि ‘काय करायलास’ ही बोली मात्र अजून बहुतेक वेळा विनोदी कार्यक्रमांच्या प्रहसनांत अडकली आहे. उर्दू, दखनी, तेलुगू आणि कन्नडच्या सहवासात शेकडो वर्षं मुरलेली ही मराठी आहे. प्रेमाचं, कर्जाचं, मरणाचं बोलणंही लोक तिच्यातच करतात.

साचा मोडतो कसा, याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून विजय तेंडुलकरांनी ‘अर्धसत्य’ (१९८३) लिहिला आणि गोविंद निहलानींनी काढला. ओम पुरींचा अनंत वेलणकर हा मराठी फौजदार आहे, आणि त्याचा बाप खात्यातून निवृत्त झालेला, बायकोला मारणारा. त्या एका घरातून वेलणकरचा सगळा राग समजतो. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये (२०१८) जितेंद्र जोशींचा काटेकर हा कॉन्स्टेबल आहे, म्हणजे जुन्या साच्यातला साहेबामागे चालणारा माणूस. पण इथे कॅमेरा त्याच्याबरोबर त्याच्या खोलीत जातो, बायकोमुलांत बसतो, आणि तो मरतो तेव्हा मालिकेचा एक खांब पडतो. रोहेना गेरांच्या ‘सर’मधली रत्ना (तिलोत्तमा शोम) मुंबईच्या श्रीमंत घरात कामाला आहे. तरुणपणी विधवा झालेली, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे पाठवणारी, कपडे शिवायला शिकू पाहणारी. २०१८ साली कान महोत्सवात तो चित्रपट दाखवला गेला. कोल्म टोइबिनच्या कादंबरीवरून आलेल्या ‘ब्रुकलिन’नं (२०१५) आयर्लंडच्या छोट्या गावातून अमेरिकेला गेलेल्या एलिशसाठी जे केलं, तेच ‘सर’नं रत्नासाठी केलं. काम तेच ठेवलं, पोशाख तोच ठेवला आणि मन दिलं.

काटेकर आणि रत्ना ही पात्रं लिहिणाऱ्यांनी घरापर्यंत जाण्याचे कष्ट घेतले. नांदेड-लातूरच्या माणसाच्या घरापर्यंत जायला मुंबईचा लेखक अजून क्वचितच निघतो, आणि त्याची वाट बघत बसण्याचं कारण नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नाटक शिकणारी मुलं-मुली आहेत. लोहा-कंधारच्या तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून येऊन हातातल्या मोबाईलवर लघुपट काढणारी पोरंही आहेत. त्यांनी ऊसतोडीच्या कोपीतली, माळेगावच्या तंबूमागची, भायखळ्याच्या पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांची गोष्ट आपल्या बोलीत लिहावी. निर्मात्यांनी आणि वाहिन्यांनी ती बोली सुधारून न मागता जशी आहे तशी घ्यावी. आणि लोह्याच्या, अहमदपूरच्या, देगलूरच्या प्रेक्षकांनी अशी गोष्ट पडद्यावर आली, तर तिकीट काढून ती पाहायला जावं.